इळा मोडला की दिवस मोडला



या सदरातून आम्ही मुलांच्या शिक्षणाबद्दल लिहिले, लग्नातल्या उधळपट्टीबद्दल लिहिले, दारूबद्दल तर अनेकदा लिहिले. आज आम्ही विळ्याबद्दल लिहिणार आहोत. कोणी म्हणेल, समाजापुढे एवढे मोठे प्रश्न उभे असताना हे काय विळा-सांडशीचे घेऊन बसलात? पण ज्या घरची चूल विळ्याच्या धारेवर पेटते, त्या घरी हा प्रश्न लहान नाही. तो किती मोठा आहे, हे आम्हालाही गेल्या कापणीपर्यंत नीट कळले नव्हते.

अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि त्याच सुमारास आमच्या आरमोरीकडे हलका धान पिवळा पडू लागतो. मग पहाटेच स्वयंपाक उरकून, भाकर बांधून घेऊन बाया बांधीकडे निघतात. आता हार्वेस्टर आले आहेत हे खरे. पण ओल्या, लहान बांधीत ते उतरत नाहीत, आणि पावसाने लोळवलेला धान तर हातानेच कापावा लागतो. आमच्या वॉर्डातली एक बाई, वय पन्नाशीच्या पुढे, आम्ही सारे तिला काकू म्हणतो, अशीच कापणीला जात होती. रोज अडीचशे रुपये. हंगाम फार तर महिनाभराचा. त्या पैशांत किराण्याची उधारी फेडायची आणि नातवाला शाळेचे बूट घ्यायचे, असा तिचा हिशेब होता.

हंगाम सुरू होण्याआधी काकूंनी बाजारातून नवा विळा आणला होता. सत्तर रुपयांचा. लाल प्लास्टिकची मूठ आणि आरशासारखे चकचकीत पाते. तिसऱ्याच दिवशी मूठ सैल झाली. काकूंनी तिला चिंधी गुंडाळली आणि काम चालू ठेवले. डाव्या हाताने धानाची मूठ धरायची आणि उजव्या हाताने विळा आपल्याकडे ओढायचा, ही कापणीची रीत. दुपारी विळा ओढताना पाते मुठीत फिरले आणि धानाऐवजी डाव्या हाताच्या करंगळीवर आणि शेजारच्या बोटावर बसले. दवाखान्यात पाच टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, आणि आठ दिवस हात पाण्यात घालायचा नाही असे डॉक्टरांनी सांगितले. ती करंगळी अजून पुरती वळत नाही.

संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो तेव्हा काकू ओट्यावर बसल्या होत्या. बोटाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, बोट तं भरून येईल जी. पण इळा मोडला का दिवस मोडला. आता आठ दिवस मले कोण देते?"

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर तो विळा कागदात गुंडाळून आम्ही काकूंच्या मुलाला सोबत घेतले आणि दुकानात गेलो. दुकानदाराने विळा हातात घेतला, मूठ हलवून पाहिली आणि हसला. म्हणाला, "साहेब, सत्तर रुपयांत काय जन्मभर पुरणारा विळा पाहिजे का?" आम्ही म्हणालो, "जन्मभर नको. एक हंगाम तरी पुरेल की नाही? तीन दिवसांत माणसाचा हात कापला." त्यावर त्याने विचारले, "बिल आहे का?" बिल नव्हते. सत्तर रुपयांच्या वस्तूचे बिल आमच्यापैकी कोण मागतो? तो पुढे म्हणाला, "बिल मागाल तर टॅक्स लागेल, मग तुम्हीच महाग म्हणाल." आजूबाजूची गिऱ्हाइके हसली. शेवटी त्याने त्याच ढिगातला दुसरा विळा काढून समोर टाकला. "घ्या, गरीब माणूस आहे म्हणून देतो."

आम्ही तो घेणार नव्हतो. पण काकूंच्या मुलाने हात पुढे केला आणि विळा घेतला. कारण उद्या त्याच्या बायकोला कापणीला जायचे होते आणि घरात दुसरा विळा नव्हता. त्याच ढिगातला, तसल्याच मुठीचा विळा घेऊन ती सून दुसऱ्या दिवशी बांधीत उतरली. रस्त्याने परत येताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. वीस वर्षे समाजकार्यात घालवलेल्या माणसाला एका विळ्याची दाद मागता येऊ नये, याची आम्हाला त्या दिवशी लाज वाटली.

आम्ही कचेरीत आकडे लिहिणारी माणसे. रात्री झोप येईना म्हणून वही घेतली आणि जमा-खर्च मांडला. बाजारातले असे विळे एका हंगामाला दोन लागतात, असे चार-पाच घरी विचारल्यावर कळले. म्हणजे पाच वर्षांत दहा विळे, सातशे रुपये. प्रत्येक वेळी विळा मोडला की अर्धा दिवस बुडतो. अर्ध्या दिवसाचे सव्वाशे धरले तर दहा वेळांचे साडेबाराशे. एकूण साडेएकोणीसशे. दुसऱ्या बाजूला लोहाराकडून घडवून घेतलेला विळा अडीचशेला पडतो आणि पाच वर्षे सहज चालतो. दर हंगामाला धार लावण्याचे वीस रुपये धरा, पाच वर्षांचे शंभर. एकूण साडेतीनशे. आणि हे सारे हात न कापता. काकूंचे आठ दिवसांचे दोन हजार रुपये गेले ते या हिशेबात आम्ही धरलेलेच नाहीत. आता सांगा, स्वस्त विळा कोणता आणि महाग कोणता?

मग काकूंना हे कळत नव्हते का? चांगले कळत होते. पण कापणीच्या तोंडावर मजुराच्या घरात अडीचशे रुपये एकरकमी नसतात. पैसा कापणीनंतर येतो आणि विळा कापणीआधी लागतो. सत्तर रुपये निघतात, अडीचशे निघत नाहीत. व्यापाऱ्याला ही गोष्ट आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणूनच टिकाऊ माल पैसेवाल्याच्या दुकानात जातो आणि टाकाऊ माल आठवडी बाजारात आपल्यासाठी पसरला जातो. हा गरिबीवरचा दंड आहे, आणि तो दर हंगामाला आपल्याच खिशातून वसूल होतो.

विळ्याचेच नव्हे, स्वयंपाकघरातही हाच प्रकार चालू आहे. सांडशीचा खिळा निघतो आणि उकळत्या वरणाचा गंज हातातून सुटतो. सराट्याची दांडी पात्यापाशी वाकते. पावशीचे पाते पाटात हलू लागते. फावड्याचा दांडा पहिल्याच पावसात निखळतो. कुकरचे कान तुटतात, आणि पाणी तापवायच्या रॉडला हात लावायची भीती वाटते. आमच्याच घरी गेल्या वर्षी दोन सांडश्या झाल्या. दुसरी मोडली तेव्हा आमच्या पत्नी म्हणाल्या, "आईची सांडशी चाळीस वर्षे झाली तरी तशीच आहे. मग आपण मागे गेलो की पुढे?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

ते उत्तर शोधायला आम्ही एका रविवारी काकूंचा मोडका विळा घेऊन शेजारच्या गावच्या लोहाराकडे गेलो. म्हातारा माणूस आहे. भात्याच्या जागी आता हाताने फिरवायचा पंखा आला आहे, पण ऐरण जुनीच. त्याने विळा पाहिला आणि म्हणाला, "बाबूसाहेब, हा पत्रा आहे जी, इळा नाही. पत्रा कापून त्याले इळ्यासारखा वाकवला."

त्याने आम्हाला तीन गोष्टी दाखवल्या. पहिली, लोखंड. चांगल्या विळ्याला तो ट्रकच्या कमानीचा पाटा वापरतो. आम्ही घरी येऊन वाचले तेव्हा त्यामागचे शास्त्र कळले. साध्या पत्र्याच्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो. ते तापवून पाण्यात बुडवले तरी कडक होत नाही, म्हणून धार लगेच बसते. कमानीच्या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा जास्त असतो. ते कडक होते आणि धार धरून ठेवते. दुसरी गोष्ट, पाणी देणे. लाल तापलेले पाते किती बुडवायचे आणि पुन्हा किती ऊब द्यायची, यात सारी कारागिरी आहे. "जास्त पाणी पाजलं तं काचेवानी तडकते, कमी पाजलं तं वाकते," असे तो म्हणाला. तिसरी गोष्ट, मूठ. पात्याची दांडी मुठीतून आरपार नेऊन मागे वळवायला पाहिजे. काकूंच्या विळ्यात ती दांडी दोन बोटेही आत नव्हती. तापवून नुसती प्लास्टिकमध्ये खुपसली होती. जिथे सारा जोर येतो, तिथेच पैसा वाचवला होता.

आम्ही विचारले, "मग तुमच्याकडे लोक का येत नाहीत?" तो म्हणाला, "सत्तरचा मागतात जी. सत्तरात कोळसाई येत नाही." त्याचा मुलगा हे काम सोडून शहरात वॉचमनची नोकरी करतो. म्हणजे या बाजारात फक्त विळा घेणाराच मरतो असे नाही, विळा घडवणाराही मरतो.

आमच्या विदर्भाला लोखंड काही नवे नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड येथे उत्खननात अडीच हजार वर्षांहून जुनी लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. आजही आमच्याच गडचिरोली जिल्ह्यातल्या सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक भरभरून बाहेर जातात. आणि त्याच जिल्ह्यातल्या मजूर बाईच्या हाती येतो तो वाकणारा पत्रा!

आता इथे कोणी असा अर्थ काढू नये की, जुना गावगाडा चांगला होता आणि यंत्र वाईट. आम्ही तसे अजिबात म्हणत नाही. जुन्या गावगाड्यात विळा टिकाऊ होता, पण माणसाला किंमत नव्हती. कोणी कोणता धंदा करायचा हे जन्माने ठरत होते. ती व्यवस्था आम्हाला परत नको. लोहाराच्या मुलाला लोहारकी करायची नसेल तर त्याने जरूर दुसरे काही करावे. आमची मागणी एवढीच आहे की, विळा कोणीही करो, भट्टीत होवो की कारखान्यात, तो विळा असावा.

बाबासाहेबांनी यावर फार पूर्वी विचार केला होता. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. त्या काळी सारे म्हणत होते की, शेताचे तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी गरीब आहे. बाबासाहेबांनी दाखवून दिले की, शेत पुरेसे आहे की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही; ते कसायला हाती भांडवल, बैल आणि अवजारे किती आहेत यावरून ठरते. म्हणजे कष्टकऱ्याच्या हातातले साधन हा अर्थशास्त्राचा मोठा प्रश्न आहे, हे त्या वेळी तिशीही न गाठलेल्या बाबासाहेबांनी ओळखले होते. पुढे १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या ग्रंथात त्यांनी यंत्राबद्दलही लिहिले. यंत्रामुळे दुःख वाढते असे म्हणणाऱ्यांना त्यांचे उत्तर होते की, दोष यंत्राचा नसून खाजगी नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्राने माणसाला विसावा मिळावा, हीच त्यांची अपेक्षा होती. मुठीतली दांडी दोन बोटांनी आखूड करा, असे कोणतेही यंत्र सांगत नाही. ते सांगणारा माणूस असतो.

आणि धम्म काय सांगतो? आपण विहारात दर रविवारी पंचशील म्हणतो. दुसरे शील आहे, न दिलेले घेणार नाही. बनावट माल देऊन पुऱ्या मालाचे पैसे घेणे हे यात बसत नाही असे कसे म्हणता येईल? दीघ निकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात तथागत ज्या गोष्टींपासून दूर राहतात त्यांची यादी आहे. त्यात तुलाकूट, कंसकूट आणि मानकूट असे तीन शब्द आहेत. तुलाकूट म्हणजे खोटा तराजू, मानकूट म्हणजे खोटे माप आणि कंसकूट म्हणजे खोट्या धातूची फसवणूक. खोटा धातू देऊन लुबाडणे हा प्रकार तेव्हाही होता आणि तेव्हाही तो अकुशल कर्म ठरला होता.

याच धम्मात चुंदही आहे. भगवान बुद्धांना शेवटचे भोजन देणारा पावा नगरीतला चुंद हा धातुकाम करणारा कारागीर होता. ते भोजन घेतल्यावर भगवंतांचा आजार बळावला. तेव्हा लोक चुंदाला दोष देतील, त्याच्या मनाला लागेल, म्हणून भगवंतांनी आनंदाला आधीच सांगून ठेवले की चुंदाचा दोष नाही, उलट त्याचे दान मोठे आहे. भट्टीपुढे बसणाऱ्या माणसाची इतकी काळजी! ज्या धम्मात चुंदाला मान आहे, त्या धम्माच्या लोकांनी चांगल्या कारागिराशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नये, असे आम्हाला वाटते.

वस्तू वापरण्याची रीतही आनंदानेच सांगितली आहे. उदेन राजाने आनंदाला विचारले की, इतक्या चीवरांचे तुम्ही काय करणार? आनंदाने सांगितले की, ज्यांची चीवरे फाटली त्यांना देऊ. जुन्या चीवरांची पांघरुणे होतील, पांघरुणे जुनी झाली की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकायचे फडके. शेवटी त्याच्या चिंध्या करून मातीत मळून जमीन लिंपू. राजा समाधानी झाला. आपल्या आयांनी लुगड्याच्या वाकळा आणि वाकळांची पोतेरी केली, ती हीच रीत. पण अशी रीत टिकाऊ वस्तूलाच लागू पडते. तीन दिवसांत मोडणाऱ्या प्लास्टिकच्या मुठीचे पुढे काय करणार? ती उकिरड्यावरच जाते.

आता कायद्याकडे वळू. कारण त्या दिवशी दुकानदाराने आम्हाला जे ऐकवले, ते सारे कायद्याला धरून नव्हते, हे आम्हाला नंतर कळले. आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या पुढील गोष्टी कापून भिंतीला लावून ठेवाव्यात.

एक, मालाचे बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

दोन, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीही अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ही मुदत तीस दिवसांची धरली जाते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही.

तीन, व्यापारासाठी माल घेणारा या कायद्यात ग्राहक ठरत नाही; पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेले साधन व्यापारी समजले जात नाही. शिलाई मशीन, करवत, थापी, रंधा यांना हा कायदा मिळतो.

चार, सदोष वस्तूमुळे इजा झाली तर भरपाई मागण्याची तरतूद या नव्या कायद्यात स्वतंत्रपणे केलेली आहे.

पाच, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. आमच्यासाठी ती गडचिरोलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

आणि हो, तो टॅक्सचा मुद्दा. विळा, कुऱ्हाड, फावडे अशा हातांनी वापरायच्या शेतीअवजारांवर जीएसटी शून्य आहे. तेव्हा विळ्याच्या बिलाला टॅक्स लागतो हे म्हणणेच खोटे होते. आम्ही बी.कॉम. झालेले माणूस, पण त्या दिवशी दुकानात आम्हाला ते ठाऊक नव्हते. म्हणूनच हे इतक्या तपशिलाने लिहीत आहोत.

घरातल्या धोक्याच्या वस्तूंबद्दल आणखी सांगतो. घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह असणे १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. चिन्ह नसलेले कुकर आपल्या ठिकाणावर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली बड्या ऑनलाइन कंपन्यांवरही प्रत्येकी एक लाख रुपये दंडाचे आदेश काढले. पाणी तापवायचा रॉड आणि इस्त्री यांनाही हे चिन्ह सक्तीचे आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. नुसते चिन्ह कोणीही छापतो, म्हणून क्रमांक पाहावा. मोबाइलवरच्या बीआयएस केअर अॅपमध्ये तो टाकला की परवाना खरा की खोटा ते कळते. हे काम घरातल्या शाळकरी मुलीला सांगा, ती दोन मिनिटांत करील.

विळ्यावर मात्र असे चिन्ह सहसा दिसत नाही. तिथे आपलाच डोळा हवा. दांडी मुठीतून आरपार आली आहे का, ते पाहावे. सांडशीचा खिळा दोन्ही बाजूंनी ठोकून चपटा केलेला असावा. पात्याच्या कडेवर कानस हलकी फिरवावी. पोलाद कडक असेल तर कानस घसरते, मऊ असेल तर चावते. आणि स्टीलला चुंबक चिकटले म्हणजे भांडे खोटे, हा समज सोडावा. इंडक्शन शेगडीच्या भांड्याला चुंबक चिकटावेच लागते, आणि हलक्या स्टीललाही कधीकधी चुंबक चिकटत नाही.

शेवटी आम्ही काय केले ते सांगतो. कापणी संपल्यावर विहारात महिला मंडळाची बैठक झाली. काकूंनी सर्वांना आपली करंगळी दाखवली आणि काय घडले ते सांगितले. त्यावर भाषणाची गरजच उरली नाही. बचत गटाच्या बायांनी ठरवले की, यंदा रोवणी आटोपली की बारा विळे एकदम घडवून घ्यायचे. पैसे गट देईल आणि प्रत्येक बाई कापणीनंतर दोन हप्त्यांत फेडील. एकत्र काम मिळते म्हणून लोहाराने एका विळ्याचे दोनशे तीस सांगितले. दोन-चार जणींनी दोनशेला मागितला. तेव्हा काकूच म्हणाल्या, "नाही जी, त्याचाई हात आहे." दोनशे तीस ठरले.

विळे भाद्रपदात तयार झाले. प्रत्येकीने कानस फिरवून पाहिली. एका विळ्याची दांडी आखूड होती, तो परत केला. लोहाराने काही न बोलता दुसरा करून दिला. त्याने एका वहीच्या पानावर सही करून पैसे मिळाल्याची पावतीही दिली. आयुष्यात पहिल्यांदाच दिली, असे तो म्हणाला. ती पावती मंडळाच्या फाइलीत लावली आहे. विहाराच्या कपाटात दोन विळे, एक कुऱ्हाड आणि एक फावडे जादा ठेवले आहे. कोणाचे अवजार मोडले तर तिचा दिवस बुडू नये, म्हणून.

यात फार मोठे काही झाले असे आम्ही म्हणणार नाही. बाजारात तोच माल अजून ढिगाने पडला आहे, आणि बारा घरे सोडली तर बाकीच्या घरी तोच येतो. त्या दुकानदाराकडे आम्ही पुन्हा गेलो. या वेळी सांडशी घेतली आणि बिल मागितले. त्याने आमच्याकडे पाहिले, थोडा वेळ घेतला, पण दिले. आमच्या मागे उभ्या असलेल्या एका मजूर बाईनेही मग आपल्या बादलीचे बिल मागितले.

तेव्हा आपापल्या गावच्या मंडळांनी हा विषय एका बैठकीत जरूर घ्यावा, आणि काय ठरले ते आम्हाला कळवावे. यंदाचा हलका धान पिवळा पडू लागला आहे. काकू कापणीला निघाल्या आहेत. डाव्या हाताची मूठ आता पूर्वीसारखी घट्ट बसत नाही, म्हणून त्या थोड्या मागे राहतात. पण विळा चांगला चालतो, असे त्या म्हणतात.

जय भीम. नमो बुद्धाय.